वीतभर की चार बोटे

१२ मे १९८६, सोमवार

शाळेला सुट्ट्या. सकाळी जीप आलापल्लीला मिस्त्रीला दाखवून आणली. तो म्हणाला, "गुरुजी, स्प्रिंगच्या पाट्याखाली ठोकळे टाकून गाडी वीतभर उचलून देतो. मंग नाल्यातला दगड पोटाले लागनारच नाई."

गेल्या पावसाळ्यात जीपचे पोट त्या दगडावरच टेकले. चाके नुसती फिरत राहिली. मागे बाजेवर माझी बायको सुशीला. दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली होती. जीप वीतभर उंच असती तर? दिवसभर तेच डोक्यात.

उंच गाडी वळणावर कलंडते, हेही मिस्त्रीच म्हणाला. आणि संध्याकाळी शेजारच्या यशोदाबाई हसल्या. "भाऊ, जीप करून राह्यले का मचान? बाजेवरचा मानूस वर चढवाचा कसा?"

हे मला सुचलेच नव्हते. गावातला आजारी माणूस माझ्या जीपमध्ये बाजेसकट येतो. चौघे बाज कमरेइतकी उचलतात आणि सरळ मागून आत सरकवतात. आणखी वीतभर उंचीवर बाज तिरपी होणार, माणूस घसरणार. मी हे कोणासाठी करतो आहे? सुशीलासाठी तर उशीर झाला.

बाई घरी गेल्यावर भिंतीला उभी केलेली सुशीलाची बाज आडवी केली. एक टोक कमरेच्या वीतभर वर धरून पाहिले, पेलले नाही. चार बोटे वर धरले, पेलले. मिस्त्रीला चारच बोटे सांगायची. तेवढ्याने दगड चुकेल का, खात्री नाही.

बाज पुन्हा उभी केली नाही. तिच्यावरच अंथरूण घातले.