झेबोच्या फरशीची एक रेघ

नुरात्याच्या सनोबरआपाला समरकंदहून धाकट्या खोसियतचा वाकून सलाम. आपा, तुझे गुडघे, जावईबापूंचा दगड कापायचा कारखाना, बकऱ्या, तुतीचं झाड, ती भांडखोर शेजारीण, सगळ्यांची खुशाली विचारली असं समज, म्हणजे मला लगेच मुद्द्यावर येता येईल. (येणार नाही, तुला माहीतच आहे.)

बातमी अशी, की माझी नात झेबो नोकरीत कायम झाली. कॉम्प्युटरवर इमारती उभ्या करते ती. तिच्या साहेबांनी, इल्होमभाईंनी, मोहल्ल्याच्या नव्या लग्नाच्या दालनाची फरशी तिच्यावर सोपवली आणि वर सांगितलं, की मोहल्ल्यातल्या पांढऱ्या दाढ्यांना पसंत पडली तर कायम, नाही तर घरी बस. घरी म्हणजे काकाच्या चपलांच्या दुकानात गल्ल्यावर. पोरगी जेवेना. मी पहिल्यांदा कॉम्प्युटरवर फरशीचं ते चित्र पाहिलं आणि विचारलं, बाई गं, फरशी घालायच्या आधीच तडे गेले का. तर म्हणे, आजी, तडे नाहीत, सांधे आहेत, दोन दगडांमधल्या रेघा. त्या दाखवल्या नाहीत तर दगड केवढा, कापलेला तुकडा दारात येतो की भिंतीखाली लपतो, काहीच कळत नाही. मी समजल्यासारखी मान हलवली. (ही मान मी लग्न झाल्यापासून अशीच हलवत आले आहे.)

पण आपा, लग्नाच्या सुझनीवर भरतकाम करताना एक पान मुद्दाम न भरता सोडायचं, म्हणजे घरातलं लग्नकार्य संपत नाही, हे आपल्याला अम्माने शिकवलेलं. मग लग्नाच्या दालनात अशी काठोकाठ भरलेली फरशी मला बघवेल का? मी म्हटलं, कोपऱ्यातली एक रेघ सोड. ती म्हणाली, "आजी, ही फरशी आहे, माझं रुखवत नाही." आणि नान आणायला तंदूरवाल्याकडे गेली. मी फक्त एक रेघ पुसायला गेले. कुठलंसं बटण दाबलं तर सगळ्याच गेल्या. त्या म्हणे एकाच विणीच्या असतात, एक ओढली की सगळी वीण येते. घाबरून मी ते बंद करायला गेले, तर यंत्राने काहीतरी विचारलं. परक्या भाषेत होतं, मला वाचता येईना. पण कुणी इतक्या अदबीने विचारल्यावर नाही कसं म्हणायचं, म्हणून मी हो म्हटलं. त्यामुळे म्हणे ते कायमचं झालं.

दुपारी दालनाच्या बैठकीत झेबोने चित्र उघडलं आणि तिचा चेहरा फरशीसारखाच कोरा झाला. सगळ्यांत म्हातारे हमरोबोबो डोळे बारीक करून म्हणाले, "पोरी, एवढा एकच दगड कुठल्या डोंगरातून आणणार? की बर्फ पडलाय?" इल्होमभाई छताकडे बघायला लागले. मी चहा द्यायला गेले होते, ती किटली खाली ठेवून उठले आणि सांगितलं, की पोरीची चूक नाही, रेघा मी पुसल्या, आणि का पुसल्या तेही. (सांगता सांगता तुझ्या लग्नातल्या पुलावापर्यंत पोचले, तेव्हा कुणीतरी मला बसवलं.) म्हातारे हसून हसून खोकायला लागले. तेवढ्यात झेबोने त्यांच्यासमोरच सांधे पुन्हा घातले. दारापासून रेघा अशा धावत गेल्या, की हमरोबोबो म्हणाले, पुसून परत दाखव. तिने परत दाखवलं. मग प्रत्येकाला एकदा बघायचं होतं. फरशी पसंत झाली, झेबो कायम झाली, आणि हमरोबोबोंनी अट घातली, की खोसियत म्हणते तशी एक रेघ सोडायचीच. मी इतकी फुगले, की किटली तिथेच विसरले.

सगळ्यांना सलाम, लहानांना मुके.
तुझी खोसियत

ता. क. रेघ सोडायची म्हणजे दोन दगडांच्या जागी दुप्पट लांबीचा एकच दगड लागतो, हे मला अट घालून झाल्यावर कळलं. झेबो म्हणाली, तसा मिळत नाही. तेव्हा भर बैठकीत माझ्या तोंडून गेलं, की आमच्या जावईबापूंच्या अंगणात पडलाय. मुकादम गुरुवारी ट्रक घेऊन तुझ्या दारी येतोय. त्याला गाजर जास्त घातलेला पुलाव आवडतो.

आणखी ता. क. तेवढा दगड नसलाच, तर जावईबापूंना म्हणावं, दोन चिकटवून द्या. फक्त सांधा दिसता कामा नये.