दुकानातून गायब झालेल्या काठ्या

ती. वन्सं यांस,

वाकून नमस्कार (वाकता येतंय तोवर). तुमच्या सांधेदुखीचं आणि शेजारणीशी चाललेल्या भांडणाचं कसं काय? दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा करते.

इकडे तुमचे बंधू महिन्यात दोनदा न्हाणीघरात पडले. (त्यांच्या मते ते पडले नाहीत, "खाली बसले". हातात साबण घेऊन.) हाड मोडून घेण्याआधी त्यांना काठी घ्यावी म्हणून मी कम्प्युटरवर शोधायला बसले. 'काठी' लिहिलं की झाडू येत, पडद्याचे दांडे येत. काठी एक नाही! असं तीन आठवडे चाललं. ऑनलाइन दुकानवाल्यांना मी अशी पत्रं लिहिली, की कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला व्याकरणाला पैकीच्या पैकी आणि वर्तणुकीला शून्य दिलं असतं. शेवटी तिथल्या मुलीने शांतपणे कळवलं, आमच्याकडे चारशे बारा काठ्या आहेत, तुमचा ब्राउझर तपासा.

तपासला. कोपऱ्यात एक इवलंसं चिन्ह आणि त्याच्या पोटात स्क्रिप्ट. म्हणजे ब्राउझरला दिलेली चिठ्ठीच, की अमुक शब्दाची वस्तू आली तर पानावरून लपव. वाचायला लागले आणि वन्सं, राग बाजूलाच राहिला! त्यात 'जर' आहे, 'तर' आहे, 'नाहीतर' आहे; हुबेहूब सासूबाईंचं बोलणं. ('कृपया' त्यांच्यातही नव्हतं, ह्यातही नाही.) खाली यादी: काठी, कुबडी, वॉकर, कवळी. अक्षर छापील असलं तरी तुमच्या बंधूंची अक्कल ओळखू आली.

जाब विचारला, तर म्हणाले, "बाजारातच नाहीत, त्याला मी काय करणार?"

"चारशे बारा आहेत!"

"मग म्हाताऱ्यांसाठी असतील."

मी गुपचूप यादीत 'रेडिओ' घातला. चार दिवस झाले, रेडिओ शोधताहेत आणि दुकानाच्या नावाने बोटं मोडताहेत.

तुमची,
भावजय

ता. क. मी काठी आणली तर ती माळ्यावर जाईल. तुम्ही तुमच्याकडून मागवून भेट म्हणून पाठवा. लहानपणी तुमच्या हातचा मार खाल्लेला माणूस आहे, नाही म्हणायची छाती नाही.

आणखी ता. क. एक नको, दोन मागवा. दुसरी जरा बुटकी. मंगळवारी जिन्याच्या तीन पायऱ्या मी एकदमच उतरले. ही दुसरी त्यांना दिसता कामा नये. घरभर चालेल अशी एखादी स्क्रिप्ट मिळते का, ते बघतेय.