टेपच्या खोक्यावरचा मोठा आकडा

बारामती, १४ जानेवारी, संध्याकाळ

कॉम्प्युटरमधल्या माहितीची प्रत ठेवायच्या बॅकअप टेपच्या खोक्यावर, ती किती मावेल याचे दोन आकडे असतात. लहान खरा; मोठा खरा, तो माहिती दाबून बसली तरच. दवाखान्याचे कॉम्प्युटर माझ्याकडे; स्कॅनचे फोटो आधीच दाबलेले असतात, आणखी दबत नाहीत, हे मी टेपा मागवताना सांगितलं होतं.

"ट्रॉलीत ऊस दाबून बसतोच की. मोठा आकडा धर," दवाखान्याचे मॅनेजर तात्या म्हणाले. त्या हिशोबाने गरजेच्या निम्म्याच टेपा आल्या. काल सगळे स्कॅन ठेवलेला सर्व्हर जळाला; टेपांवर निम्मेच स्कॅन निघाले.

आज कळस गावचे आबा आले. बायकोच्या डोक्यातली गाठ वाढली का, ते जुन्या स्कॅनशी ताडून बघायचं होतं. तो सापडला नाही.

तात्या म्हणाले, "आज नवा काढू. सहा महिन्यांनी त्याच्याशी ताडू."

"तवर ती हाय का न्हाय, कुणाला ठावं," आबा हळूच बोलले.

खोकं टेबलावरच आहे. मोठा आकडा लांबूनही दिसतो.