बाबांना न पटलेला आयपीस

६ जानेवारी
दुर्बिणीचा नवा आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, आला! तारे जुन्याइतकेच मोठे दाखवतो, पण आकाश जवळजवळ दुप्पट रुंद. बाबांच्या हातात ठेवला.
"हा आयपीस आहे की बरणी?"
जड आहे खरा. आमच्या दुर्बिणीत आयपीस पुढच्या तोंडाशी बसतो, त्यामुळे लावल्याबरोबर तिने नाक खाली टाकलं. बाबांनी मागच्या टोकाला फाटकाचं कुलूप बांधून तोल सांभाळला. आता आई फाटकाचं कुलूप शोधतेय.
लेन्स तपासणं हे माझं काम. ऑफिसात माझी सही चालते, घरात मी अजून शिकाऊ! हा आयपीस बाबांना पटायला हवा. बस्स, एवढंच.

७ जानेवारी
ढग. "पायगुण दिसतोय तुझ्या बरणीचा," – बाबा.

८ जानेवारी
अंधार पडताच परसात. कृत्तिकांचा अख्खा पुंजका, भोवती मोकळं काळं आकाश, अगदी कडेलाही तारे टाचणीच्या टोकासारखे. मी चेहरा कोरा ठेवला आणि बाजूला झाले. बाबा बराच वेळ वाकून बघत होते.
"जुन्यासारखाच आहे की."
"काय?"
"तेवढंच दिसतं. फसवलं तुला, शास्त्रज्ञबाई!"
आईला बोलावलं. ओले हात पदराला पुसत आली. "अगंबाई, केवढं दिसतंय हे! खिडकीतून डोकं बाहेर काढल्यासारखं."
"तू लेकीचीच बाजू घेणार!"
जेवताना दोघांची जुंपली. मी त्यात पडले नाही. मला राग आलेला नाही. आई म्हणाली, राग आला नसेल तर भांडी जरा हळू ठेव.

९ जानेवारी
आयपीस ऑफिसात नेऊन तपासला. निर्दोष. बाबांना तसं सांगितलं.
"तुझं ऑफिस आकाशात आहे का?"

१० जानेवारी
एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा आमच्या कामातला नियम. आधी बाबांचा चष्मा उतरवला – फरक नाही. मग डोळा जरा मागे घ्यायला लावला, मग पुढे.
"स्टुलावर उभं करून चंद्र दाखवला तुला मी! आता मला शिकव डोळा कुठे ठेवायचा ते!"
शेवटी त्यांना पाठ फिरवायला लावली आणि न सांगता कधी जुना, कधी नवा आयपीस लावत गेले. कुठला कुठला, त्यांना एकदाही सांगता आलं नाही.
"बघ! म्हटलं नव्हतं?" बाबा जाम खूश. शीळ घालत घरात गेले.
मी नाही हसले. हा फरक कुणालाही कळतो. आईला कळला.
आयपीस तपासला, दुर्बीण तपासली. बघणारा तेवढा राहिलाय.

११ जानेवारी
बाबा दुर्बिणीला नेहमी उजवाच डोळा लावतात. आज म्हटलं, डावा लावून बघा.
"अरे! अरे, केवढं हे! आता कुठे खरा आयपीस लावलास. इतके दिवस थट्टा करत होतीस होय गं माझी?"
मी आयपीसला हातही लावला नव्हता.
सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचंय त्यांना. अजून सांगितलं नाही. अजून परसातच आहेत – आईला हाका मारतायत, लवकर ये, बघ तरी!