लाइन समुद्रापर्यंत आली

बाबा, लाइन समुद्रापर्यंत पोचली. काल तिच्यावरून पहिली गाडी चालली, आणि शेवटच्या वळणावरचा एक जोड माझा आहे. आईला सांगून झालं, खोलीतल्या सगळ्यांना दोन-दोनदा सांगून झालं, तरी पोट भरेना, म्हणून तुला लिहायला बसलो. तू होतास तेव्हा तुझ्यासमोर चार शब्द सरळ बोललो नाही, आणि आता बघ.

मी आखातातल्या एका शहरात आहे. इथे ट्राम येतेय. बोईसरला फाटक पडतं आणि गाडी धडधडत जाते, तशी नाही ही. हिचे रूळ रस्त्यातच पुरलेले, दुकानांच्या दारावरून हळू जाते. आमची टोळी रूळ जोडते. दोन रुळांमधल्या फटीला साचा बांधायचा, वरच्या भांड्यात पावडर पेटवायची, मग वितळलेलं लोखंड त्या फटीत उतरतं. थंड झालं की फुगवटा घासत बसायचं, बोट फिरवलं तर जोड कुठे ते कळू नये इतकं. मी दिवसभर एका जागी उकिडवा बसून हे करतो. मी! तुला खरं वाटणार नाही.

तुला मी कसा आठवत असेन ते मला माहीत आहे. घिवलीच्या घरात आई बोंबील तळतेय, मी तिसरं काम सोडून आलोय, आणि तू ताटावरून मानसुद्धा वर करत नाहीस.

"आता काय झाला?"

"कंटाळा आला."

"होडीवर नेला तर तुला उलट्या. कारखान्यात घातला तर तुला वास. दुकानात बसवला तर झोप. तुजा पाय टिकतो तरी कुटं?"

"जेवू दे त्याला," आई म्हणाली.

"जेवायला बरा एका जागी बसतो."

मला हसू आलं. तू हसला नाहीस. शाळा मी आधीच सोडली होती, तेव्हाही तू एवढा चिडला नव्हतास. मग बोईसरला ग्रिलच्या वर्कशॉपात लागलो. एकदा तू होडीच्या इंजिनाचा कसलासा भाग आणायला बाजारात आलास आणि दारात उभा राहून बघत होतास. मी चपला घालून वेल्डिंग करत होतो, ठिणग्या पायावर पडत होत्या. तू तसाच निघून गेलास. दुसऱ्या दिवशी परत आलास, हातात काळे बूट. "हे घाल. लंगडा झाला तर पळशील कसा?" एवढंच. ते मला मोठे होत होते, पुढे कापूस कोंबून घातले. त्याच पावसाळ्यानंतर तू गेलास, आणि मी ते वर्कशॉपही सोडलं.

इथूनही पळणार होतो. दोनदा बॅग भरली. ऊन असं की हातमोज्यातून लोखंड चावतं. पण आई दर रविवारी फोनवर पहिलं हेच विचारते, "कुटवर आली?" मी कसा आहे ते नंतर. ती चिंचणीच्या बाजारात टोपली घेऊन बसते आणि गिऱ्हाइकाला सांगते, माजा पोरगा गाडीचा रस्ता करतोय, आता पुलावर आली हाय, आता मोठ्या चौकात आली हाय. गिऱ्हाईकही विचारतं म्हणे, मासळी घ्यायच्या आधी. मी पळालो असतो तर लाइन तिच्या टोपलीपाशीच अडली असती. रविवारी तिला काय सांगणार होतो? बॅग परत रिकामी केली.

वळणावरचा तो जोड मिस्त्रीने पहिल्यांदाच पूर्ण माझ्या हाती दिला होता. मिस्त्री बिहारचा, बोलायला तिखट. "बिगड़ा तो काटना पड़ेगा, और फिर तू सिर्फ़ पानी लाएगा," म्हणाला. मशीन लावून तपासणी झाली, ठीक निघाला. पण मशीन वेगळं आणि गाडीचं वजन वेगळं. आठवडाभर मला भाकर गोड लागली नाही.

काल गाडी माणसाच्या चालीने आली. आम्ही सगळे कठड्यामागे उभे. वळण घेऊन ती पुढे सरकली, खट नाही की धक्का नाही. मग मला काय झालं देव जाणे. मी कठड्याखालून शिरलो, गाडीच्या कुशीला खांदा लावला आणि ओरडलो, "हैयाऽऽ!" शिट्ट्या वाजायला लागल्या. मिस्त्रीने कॉलर धरून मागे ओढलं. "अबे पागल, मोटर है इसमें! धक्का किसलिए?"

त्याला कुठे माहीत, आपल्याकडे नवी होडी पाण्यात जाताना किनाऱ्यावर कोणी नुसतं बघत उभं राहत नाही ते. तुझी होडी उतरवली तेव्हा शाळेचे गुरुजी पँट न भिजवता लांब उभे होते, तर तू ओरडलास, "गुरुजी, बगताय काय, हात लावा!" आणि त्यांनी पँट दुमडून हात लावला. मी मिस्त्रीला हे सांगितलं. तो हसून हसून खाली बसला. सुरक्षेचा साहेब मात्र हसला नाही, त्याने संध्याकाळपर्यंत मला शेडमध्ये बसवून ठेवलं. शेवटी मिस्त्रीच सोडवायला आला. म्हणाला, विमानतळाकडे दुसरी लाइन निघतेय, टोळीत जोडाला माणूस पाहिजे, राहतोस का? मी विचार न करता हो म्हणालो. मग खोलीत येऊन स्वतःलाच विचारलं, अरे, हो कोण म्हणालं?

हा कागद कुठे टाकायचा नाही, आणि तुला अक्षरंही लागत नव्हती. म्हणून एक सांगून टाकतो. आईला फोनवर म्हणालो की माझ्या जोडावरून चाक जाताना मी अगदी डोळे भरून बघितलं. तिने आज बाजारात सगळ्यांना तसंच सांगितलं असणार. बाबा, चाक जोडावर आलं तेव्हा मी डोळे गच्च मिटले होते. मी काही बघितलं नाही. नुसतं ऐकलं, काहीच वाजलं नाही ते.