बारा की साडेबारा

१५ सप्टेंबर १९८६, सोमवार

पडलं गळ्यात! पर्सोनेलचे चंद्रप्रकाश साहेब स्वतः टाइम ऑफिसच्या खिडकीशी आले. मला वाटलं ओव्हरटाइमच्या कार्डांचं काही असेल. तर म्हणाले, "राणे, कंपनीला पंचवीस वर्षं झाली. कुछ करना है. क्विझ ठेवू. एक नाही — सहा! तू कर."

मीच का? तर माझं अक्षर चांगलं, आणि एकशे चाळीसच्या एकशे चाळीस जण मला ओळखतात. ओळखणारच! लेट मार्क मीच लावतो.

टीम पाच — मशीन शॉप, पॅकिंग, ऑफिस, असेंब्ली, स्टोअर्स. प्रत्येकीत तिघं. पंधरा दिवसांआड शनिवारी, जेवणाच्या सुट्टीला जोडून, कॅन्टीनमध्ये. प्रत्येक वेळी तीस प्रश्न. बरोबर उत्तराला दहा गुण. चुकलं तर तोच प्रश्न पुढच्या टीमला, तिला पाच. सगळ्यांचे गुण एकाच फळ्यावर, बेरीज शेवटपर्यंत चढत जाणार. जिंकणाऱ्या तिघांना मनगटी घड्याळं.

सहा गुणिले तीस, एकशे ऐंशी प्रश्न. आणायचे कुठून?

१६ सप्टेंबर

अनुपमाला सांगितलं. ती बांगडे साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "पहिला घ्या. रुपयाच्या नोटेवर सही कोणाची असते?"

"रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची."

"ती बाकीच्या नोटांवर. रुपयाच्या नोटेवर अर्थसचिवाची."

पाकिटातून नोट काढून बघितली. खरंच की! लग्नाला सात वर्षं झाली. ही एफ.वाय. करून आली आणि कॉलेज तिथेच थांबलं, एवढं माहीत होतं. पण डोक्यात हे सगळं भरून ठेवलंय, ते कधी विचारलंच नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर तिने दुपारभरात तीस प्रश्न काढले. मला विचारत होती — आमच्या कंपनीचा गेज, म्हणजे दाब मोजायचं यंत्र, कसा बनतो, आत काय असतं, कोण काय बसवतं. मी सांगत होतो आणि ती लिहीत होती. आई म्हणाली, "त्या पोरीचा डोक्या बघ. आणि तू बस नुसतो वारो घालत." आई भांडुपला राहून तीस वर्षं झाली, पण बोलणं अजून कणकवलीचंच.

२७ सप्टेंबर, शनिवार

पहिली क्विझ झकास! दत्ताराम परबने पॅकिंगच्या खोक्यांच्या प्लायला काळा रंग मारून फळा करून दिला. दत्ताराम म्हणजे मशीन शॉपचा कॅप्टन आणि आमच्याच चाळीतला, दोन दारं सोडून.

प्रश्न होता — मुंबईला पाणी देणारे, शहराच्या हद्दीतच असलेले तलाव कोणते? स्टोअर्सवाले उत्साहात ओरडले, "पवई!" अरे, पवईचं पाणी पितोस तू? कॅन्टीन हसून हसून बेजार. विहार आणि तुळशी.

दुसरा त्याहून भारी. गेजच्या आतल्या वाकड्या नळीत दाब आला की ती आणखी वळते की सरळ व्हायला बघते? ऑफिसवाले एकमेकांची तोंडं बघत बसले. पंचवीस वर्षं गेज विकतात! प्रश्न असेंब्लीकडे गेला. "सरळ!" — रोज चाळीस नळ्या बसवतात ती माणसं.

साहेब खूश. "राणे, तुम तो छुपे रुस्तम निकले! हे सगळं तू काढलंस?"

मी म्हणालो, "बघितलं थोडं इकडेतिकडे."

खोटं नाही बोललो. खरंही नाही.

११ ऑक्टोबर

दुसरी झाली. मशीन शॉप पुढे, ऑफिस मागोमाग. पॅकिंगच्या बायका तिसऱ्या! त्यांची कॅप्टन प्रेमा, ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यातून येते. पहिल्या वेळी तोंड उघडायला तयार नव्हती, आज उत्तर ठोकून देते आणि वर म्हणते, "पुढचा टाका, राणेभाऊ."

जेवणाच्या सुट्टीत आता सगळे फळ्यासमोरच. शिफ्ट संपवून जाताना पण एक नजर टाकतात.

२० ऑक्टोबर

एक गंमत. गेले पंधरा दिवस पॅकिंगमध्ये लेट मार्क एकही नाही. लवकर येऊन पेपर वाचतात!

२५ ऑक्टोबर

तिसरी. गडबड नाही, भांडण नाही. घरी गेल्यावर अनुपमाला एकेक प्रश्न, कोणी काय उत्तर दिलं ते सांगावं लागतं. डोळे मोठे करून ऐकते. "प्रेमाने ओळखलं? खरंच?" प्रेमाला तिने कधी बघितलेलं नाही, पण तिच्या बाजूची झालीय!

८ नोव्हेंबर

चौथी. दिवाळीनंतर सगळे सुस्त असतील वाटलं होतं. कसलं काय! खिडक्यांत उभे राहून बघत होते.

१२ नोव्हेंबर

फळ्याशेजारी साहेबांनी टाइप केलेला कागद लावलाय. "श्री. सहदेव राणे यांचं दांडगं वाचन आणि चौफेर ज्ञान यामुळे..." एक प्रत मला दिली. मी घरी नेली. का नेली? मिरवायला.

अनुपमाने दोनदा वाचली. नीट घडी करून कपाटात ठेवली. "छान लिहिलंय," म्हणाली. मग निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायला बसली.

मी म्हटलं, "तुझं नाव सांगू का?" "आता कशाला," म्हणाली. मला बरं वाटलं. त्याची आता लाज वाटतेय.

२२ नोव्हेंबर, शनिवार

वाट लागली.

त्या कागदाने डोकं फिरलं होतं बहुतेक. अनुपमाच्या तीसमधला एक प्रश्न काढून मी माझा घातला. म्हटलं, आपला एक तरी असावा! प्रश्न असा — समुद्राच्या एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत किती तास जातात? उत्तर बारा. शाळेत पाठ केलेलं.

प्रश्न आला नेमका पॅकिंगला. प्रेमा लगेच म्हणाली, "साडेबारा. त्याच्याहून पाच मिनटं कमी धरा."

"चूक." प्रश्न ऑफिसकडे. ते म्हणाले बारा. दिले पाच गुण.

प्रेमा उठून उभी राहिली. "राणेभाऊ, माझा बाप होडी घालतो. बारा तास असते ना, तर भरती रोज त्याच टायमाला आली असती. ती रोज पाऊण तास पुढे सरकते. आमचं घर त्या घड्याळावर चालतं!"

"कागदावर बारा आहे."

"कागद कोणी लिहिला?"

सगळं कॅन्टीन बघत होतं. मी म्हणालो, "मी."

पाच क्विझमध्ये पहिल्यांदा खरं बोललो, आणि त्याच प्रश्नाचं उत्तर चुकलेलं! कारण तिचं म्हणणं ऐकता ऐकताच मला कळलं होतं, की तीच बरोबर आहे. तरी खडू घेतला आणि बेरीज लिहिली. मशीन शॉप २४५, ऑफिस २४०, पॅकिंग २३०. बाकी दोन टीम बऱ्याच मागे.

२३ नोव्हेंबर, रविवार

अनुपमाला सांगितलं. तिने उठून शेजारचा पेपर आणला आणि भरती-ओहोटीची चौकट काढून माझ्यासमोर धरली. बारा तास, पंचवीस मिनिटं. प्रेमाने मिनिटासकट सांगितलं होतं.

"रोज छापतात," ती म्हणाली. "तुम्ही त्याच पानावर सिनेमे बघता."

मग हळूच — "माझा कुठला प्रश्न काढलात?"

आठवेना. तेच तिला जास्त लागलं. "एकेका प्रश्नासाठी वाचनालयात किती वेळ उभी राहते मी. बसायला जागा नसते तिथे." एवढंच बोलली आणि पेपर शेजारी परत करायला गेली.

२५ नोव्हेंबर

साहेबांना गाठलं. "छोडो यार! पंधरा गुणांसाठी कशाला तमाशा? आता फळा बदलला तर सगळ्या टीम जुनी भांडणं उकरतील."

पटलं. पटवून घेतलं.

१ डिसेंबर

प्रेमा कार्ड पंच करते आणि माझ्याकडे न बघता जाते. आधी रोज विचारायची, "वहिनी बऱ्या ना?"

८ डिसेंबर, सोमवार

६ तारखेला बरेचजण दादरला चैत्यभूमीवर जाणार होते म्हणून शेवटची क्विझ येत्या शनिवारी ठेवलीय. आज प्रेमा खिडकीशी आली. भांडायला नाही, शांतपणे. "आम्ही बसणार नाही शनिवारी. दुसऱ्या कोणाला घ्या."

"अगं, दहा गुणांसाठी?"

"गुण घाला चुलीत. माझ्या बापाला काय येतं ते तुम्ही चूक ठरवलंत. घरी सांगितलं तर दोन दिवस तो हसला माझ्यावर. म्हणाला, फॅक्टरीतला समुद्र वेगळा असेल."

ती गेल्यावर कार्डांचे आकडे दोनदा चुकले.

१२ डिसेंबर

उद्या फळा बदलायचा, पण दत्तारामला आधी सांगायला हवं. फळा बदलला तर पॅकिंग २४०, त्याच्या टीमच्या अंगावरच. चाळीच्या कठड्याशी उभा होता. सगळं सांगितलं. प्रश्न अनुपमाचे, हेसुद्धा.

तो म्हणाला, "तुज्या बायकोन काढल्यान, ता माका म्हायत होता."

"कसं?"

"माजी बायको जाता ना वाचनालयात. पयल्या क्विझपासून म्हायत. मी वाट बघी होतंय, सहद्या कधी सांगता ता."

"मग बोलला का नाहीस?"

"माज्या सांगण्यात काय अर्थ? तुया सांगूक होया."

मग तोंड वाकडं करून — "पण घड्याळ गेला तर तुका सोडूचंय नाय!"

१३ डिसेंबर, शनिवार

सांगितलं.

पॅकिंगचं बाक रिकामं होतं. तिघी मागे भिंतीशी उभ्या. माइक हातात घेतला. म्हणालो, "सुरू करायच्या आधी दोन गोष्टी. भरतीचं उत्तर प्रेमाचं बरोबर होतं. साडेबाराला पाच मिनिटं कमी. माझं चुकलं. त्याच वेळी मला कळलं होतं, तरी मी गप्प बसलो." फळा पुसला. पॅकिंगला दहा वाढवले, ऑफिसचे पाच कापले. ऑफिसवाल्यांनी आरडाओरडा केला थोडा. केला तर केला.

"दुसरी गोष्ट. आजपर्यंतचे प्रश्न मी काढले असं सगळ्यांना वाटतं. ते माझ्या बायकोने काढले. अनुपमाने. दीडशेतला एकच माझा होता."

मग प्रेमा मागून ओरडली, "तोच चुकला!"

काय हसले सगळे! मीपण. साहेब कपाळाला हात लावून बसले होते, पण हसत होते. आणि हसू थांबायच्या आत तिघी येऊन बाकावर बसल्या. "टाका प्रश्न. वहिनींचे आहेत ना?"

शेवटच्या प्रश्नापर्यंत कोणाला ठाऊक नव्हतं. पॅकिंग २९०. मशीन शॉप २८५. ऑफिस २७५.

मी फळा पुसला नसता तर घड्याळं दत्तारामची होती.

१४ डिसेंबर

दत्ताराम बोलत नाही. नळावर पाठ करून उभा राहिला.

१६ डिसेंबर

बोलला. "पाच गुणांनी रे मेल्या!" चहा प्यायला घरी आला, आणि अनुपमाला म्हणाला, "वयनी, पुढच्या वर्षी मशिनांवर जास्त प्रश्न घाला." आता सगळं ठीक.

२० डिसेंबर, शनिवार

बक्षीस समारंभ. साहेबांनीच सांगितलं होतं, वहिनींना आणायचंच. अनुपमा निळी साडी नेसली. आईपण आली. पाहुण्या म्हणून भांडुपच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका वनमालाबाई होत्या.

घड्याळं दिली. प्रेमाने मनगटावर बांधलं आणि सरळ अनुपमाकडे गेली. दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या. मग प्रेमाने माइक तिच्या हातात दिला — "वहिनी, आता तुमच्या तोंडून पाच प्रश्न. गुण नकोत, नुसते."

मला वाटलं, घाबरेल. कागद नव्हता हातात. आधी आवाज बारीक होता, दुसऱ्या प्रश्नाला मोठा झाला. पाचाचे पंधरा झाले, तरी लोक सोडेनात! उत्तर चुकलं की ती नुसतं 'चूक' म्हणायची नाही — का, ते दोन वाक्यांत सांगायची. शिपायापासून साहेबापर्यंत सगळे माना पुढे काढून ऐकत होते. मी दाराशी उभा होतो. हिला असं बोलताना मी सात वर्षांत बघितलेलं नाही. कोणी विचारलं, तुमची मिसेस का? मी हो म्हटलं. इतक्या जोरात, की पुढचे वळून बघायला लागले.

निघताना वनमालाबाई तिला बाजूला घेऊन काहीतरी बोलल्या. शाळेच्या वाचनालयात जागा आहे म्हणे. अनुपमा म्हणाली, "घरी विचारून सांगते."

२८ डिसेंबर

अजून विचारलं नाही तिने. मीपण विषय काढला नाही. तिचं काय चाललंय कळत नाही, पण गुणगुणत असते.

१ जानेवारी १९८७, गुरुवार

अनुपमाने विचारलं नाहीच. सांगितलं. वनमालाबाईंना परवाच होकार देऊन आलीय. सोमवारपासून शाळेत जाणार, सकाळी साडेसहाला निघणार. उरलेलं बी.ए. पण बाहेरून करणार, फॉर्म आणलाय.

मी म्हटलं, "साडेसहाला? मग सकाळचा चहा?"

तिने चहाचं पातेलं माझ्या हातात दिलं. आतून आईचा आवाज आला, "झिला, माज्या चायत साखर कमी घाल हां."