अस्सल बासरीवाल्याच्या नावे

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, चाळीस वर्षे गाण्यांच्या रेकॉर्ड विकणारा दुकानदार, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दबावाखाली नसताना हे लिहून ठेवत आहे. गुडघे सोडले तर प्रकृती ठणठणीत आहे.

१. दुकान व वरच्या दोन खोल्या माझ्या मुलीला द्याव्यात. तिथे तिने चपला विकल्या तरी माझी हरकत नाही.

२. दुकानातली चार स्टुले रविवारी जमणाऱ्या आमच्या मंडळींना द्यावीत. त्यांवर बसून कोणता गायक अस्सल आणि कोणता बाजारू, याचे निकाल आम्ही देत असू. सर्वांत कडक निकाल माझे असत. आता त्यांनी मलाही खुशाल निकालात काढावे.

३. सर्व रेकॉर्ड, प्लेअर व दोन्ही स्पीकर धाकट्या भावाला द्यावेत. याचे कारण लिहिणे भाग आहे.

भाऊ समारंभांतून सिंथेसायझर वाजवतो. माझ्या मुलीच्या लग्नात तो हौसेने वाजवत असताना मी पाहुण्यांसमोर म्हणालो, "याला वाजवणं म्हणत नाहीत, बटणं दाबणं म्हणतात." त्याने वाद्य आवरले आणि तो न जेवता निघून गेला. अकरा वर्षे आमचे बोलणे बंद होते.

माझी सर्वांत लाडकी रेकॉर्ड डोंगरातल्या एका मेंढपाळाच्या बासरीची. यंत्राचा स्पर्श न झालेले संगीत म्हणून ती मी गिऱ्हाइकांना थांबवून ऐकवत असे. गेल्या वर्षी ती ध्वनिमुद्रित करणारे गृहस्थ दुकानात आले आणि ऐकून हसू लागले. म्हणाले, मेंढपाळ तापाने आलाच नाही. बासरी तुमच्या धाकट्याने सिंथेसायझरवर वाजवली. मागे ओरडणाऱ्या मेंढ्या म्हणजे हे गृहस्थ स्वतः.

 पंधरा दिवसांनी भावाचे दार वाजवले. इतकी वर्षे सांगितले का नाहीस, असे विचारले.

तो म्हणाला, "तुझ्या पोरीकडून कळलं होतं दादा, तुला ती फार आवडते. सांगितलं असतं तर तू ऐकायचं सोडलं असतंस."

सोडलेच असते. मला त्याच्या दारातच रडू आले. जिला कधी नावाने नीट हाकही मारली नव्हती, त्या त्याच्या बायकोने पाणी आणून दिले.

४. आता दर शनिवारी सकाळी मी त्याच्याकडे सिंथेसायझर वाजवायला शिकतो. उजवा हात बरा चालतो, डावा मागून फरफटत येतो. तो सुधारेपर्यंत हे मृत्युपत्र अमलात आणण्याची घाई कोणी करू नये.

राहत्या घरी, दिनांक नऊ मार्च, सकाळी, वाचून सही केली.

सही: दुकानदार
साक्षीदार: समोरचे दंतवैद्य, शेजारच्या शिंपीणबाई (चष्मा घरी राहिल्याने मजकूर वाचून दाखवला. दोनदा, त्यांच्या आग्रहावरून.)